कोरडं बसवायचं सील

चूक माझी होती आणि ती मला त्याच क्षणी माहीत होती. नंतर कळली असती, तर अजाणतेपणी झाली असं म्हणून मनाची समजूत घालता आली असती. वडील जीपच्या पोटाखाली आडवे झाले होते. त्यांनी हात बाहेर काढून तेलाची वाटी मागितली आणि ती वाटी मी त्यांच्या हातात दिली. त्या नव्या सीलला तेल लावायचं नाही, हे अंगणात जमलेल्या माणसांत फक्त मला ठाऊक होतं.

इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, इंजिनातून जिथं बाहेर येतो तिथं त्याला वेढून बसलेली गोल कडी म्हणजे हे सील. दांडा फिरत राहतो, कडी जागेवर राहते आणि आतलं तेल आतच ठेवते. वस्तू तळहातात मावेल एवढी. पण मागच्या बाजूची कडी बदलायची म्हटलं की गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, क्लच सोडवावा लागतो, फ्लायव्हील काढावं लागतं. अख्खा दिवस त्यात जातो आणि माणसाची पाठही जाते.

वडील फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. निवृत्त होऊन उंब्रजजवळच्या आमच्या गावी आले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी ही जुनी डिझेल जीप घेतली, चारही चाकांना जोर लागणारी. आमची जमीन थोडी, ऊस तेवढाच. जीपची आम्हाला शेतीसाठी काही गरज नव्हती. गरज गावाला लागायची. डोंगराकडच्या वस्तीवर कुणी आजारी पडलं, चिखलात उसाची ट्रॉली रुतली, लग्नाचं वऱ्हाड ओढ्यापाशी अडकलं, की फोन वडिलांना यायचा. ते जेवत असले तर ताट तसंच झाकून निघायचे. आई म्हणायची, "गाडी घेतल्यापासनं ह्यांनी गरम भाकरी खाल्ली न्हाई." तक्रारच होती ती, पण सांगताना तिच्या आवाजात जरा मिरवणंही असायचं.

जीपला तेल गळायची खोड जुनीच. ती उभी राहायची तिथं आई पत्र्याचा तुकडा सरकवून ठेवायची आणि वर चुलीतली राख टाकायची. काळ्या रबराचं सील वडील आणायचे, बसवायचे. काही वर्षांनी ते उष्णतेनं कडक व्हायचं आणि पुन्हा गळायचं. मग पुन्हा गिअरबॉक्स खाली. मागच्या खेपेला काम संपल्यावर ते जीपखालून बाहेर सरकले, पण उठता येईना. मी आणि आईनं दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उभं केलं. उभे राहिल्यावर त्यांनी आमच्याकडं न बघता पायजम्याची माती झटकली. पुढचं सील असं बघायचं की पुन्हा त्यांना आडवं व्हावं लागू नये, हे मी त्याच वेळी ठरवलं.

मी सांगलीत एका कॉलेजच्या कार्यालयात काम करतो. गावाकडं महिन्यातून एखादी चक्कर होते, कधी तीही होत नाही. सील शोधण्याचा उत्साह मला का आला, हे आज नीट सांगता येतं. वडिलांसाठी करण्यासारख्या पुष्कळ गोष्टी होत्या आणि त्यातली ही सगळ्यांत सोपी होती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि फोनवर सीलची माहिती वाचायची. आपण मुलाचं कर्तव्य करतोय असं वाटायचं आणि त्यासाठी कुठं जावंही लागायचं नाही.

शेवटी सांगलीतल्याच एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. मालक वयानं माझ्याएवढाच. त्यानं काचेवर तीन सीलं मांडली. पहिलं नेहमीचं काळं रबर. दुसरं तपकिरी, जास्त उष्णता सोसणारं. तिसऱ्याची आतली कड पातळ, फिकट, टेफ्लॉनची. भाजी चिकटू नये म्हणून तव्याला लावतात तसल्याच जातीची. दांडा ठीक असेल तर हे बाकीच्या दोन्हींना पुरून उरेल, असं तो म्हणाला. ते आमच्या मॉडेलला बसेल का हे त्याला पुण्याला विचारून सांगावं लागलं. बसत होतं. मी तेच मागवलं.

ते हातात देताना त्यानं मला बजावलं. हे कोरडंच बसवायचं. काळ्या सीलला लावतात तसं तेल कडेला लावायचं नाही, ग्रीस नाही, बोटसुद्धा फिरवायचं नाही. कोरडं बसलं तर टेफ्लॉनचा बारीक थर दांड्यावर घासून बसतो आणि मग त्या दोघांचं जमतं. मधे तेल आलं की तो थर बसत नाही. शिवाय बसवल्यावर लगेच इंजिन चालू करायचं नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. मी मान डोलावली. मी दारापर्यंत गेल्यावर त्यानं पुन्हा हाक मारून "कोरडं बरं का, साहेब" असं सांगितलं.

वडिलांना मी फोनवर एवढंच सांगितलं, की नवीन जातीचं सील मिळालंय आणि ते लय टिकतं. ते म्हणाले, "दुकानदारानं घातलंय व्हय त्याच्या गाडीला?" मी हसलो. बाकीचं समोरासमोर सांगू असं मनाशी म्हणून फोन ठेवला.

रविवारी गेलो तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. वडिलांच्याच पलटणीतले, शेजारच्या वाडीत राहणारे एक तात्या, आणि हात लावायला भावकीतले दोघे-तिघे. गिअरबॉक्स उतरलेला होता. वडील आदल्या दिवसापासूनच कामाला लागले होते. त्यांचा चेहरा असा काही उजळलेला होता की मी तो कित्येक महिन्यांत तसा बघितला नव्हता. जुनं सील काढून त्यांनी दांड्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, जुन्या कडेनं पाडलेली बारीक चर शोधली आणि तात्यांना म्हणाले, नवीन सील केसभर अलीकडं बसवतो, म्हंजे कड ताज्या जागेवर येईल. मला ते ऐकून बरं वाटलं. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यांच्या हातालाच ते ठाऊक होतं.

मी डबी उघडून सील पुढं केलं आणि म्हणालो, "आबा, त्यो दुकानदार म्हणत व्हता..."

माझं वाक्य तात्यांनी मधेच उचललं. "त्या दुकानदाराला सांग, आमी बर्फात आडवं पडून शिलं बदलल्यात. त्यो कुठं आडवा पडला व्हता, इचार त्याला."

सगळे हसले. भावकीतला एक जण म्हणाला, "गादीवर." पुन्हा हशा. मीही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं. गालाच्या आत आंबट लागलं होतं.

आणि मग वडिलांनी जीपखालून विचारलं, "काय म्हणत व्हता रं?"

त्यांनी विचारलं होतं. हे मी स्वतःपासून फार दिवस लपवून ठेवलं. मला बोलू दिलं नाही, माझी टर उडवली, म्हणून राहून गेलं असंच मी मनात घोळवत असे. पण हशा विरल्यावर त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. आणि मी म्हणालो, "काय न्हाई. जपून बसवा म्हणला."

आमच्याकडं चार माणसांत वडिलांना दुरुस्त करत नाहीत. ते चुकीच्या पाव्हण्याला रामराम करत असले तरी मुलगा मागं उभा राहतो आणि नंतर हळूच सांगतो. ह्याला आम्ही मान राखणं म्हणतो. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं ते. त्या दिवशी मला वाटलं, ज्या माणसानं आयुष्यभर सीलं बसवली त्याला त्याच्या जोडीदारासमोर, तेल लावू नका, असं कारकुनी करणाऱ्या मुलानं कसं सांगायचं? इतका काय फरक पडणार आहे थेंबभर तेलानं?

"त्याल दे," ते म्हणाले. मी वाटी दिली. मी वाकून बघत होतो. त्यांनी बोट बुडवलं आणि सीलच्या आतल्या कडेवरून ते गोल फिरवलं, सावकाश, कुठंही कोरडं राहू नये अशा बेतानं. मग लाकडाचा ठोकळा धरून चहूबाजूंनी थोडं थोडं ठोकत सील सरळ आत बसवलं. काम इतकं सुबक झालं की तात्याही गप्प होऊन बघत राहिले.

ऊन कलायच्या आत गाडी जोडून झाली. वडील मला म्हणाले, "मार स्टार्टर." दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, हेही मला ठाऊक होतं. मी किल्ली फिरवली.

काही आठवडे सगळं ठीक होतं. पत्र्यावर राख कोरडी. मला वाटलं, सुटलो. मग ऊसतोडीच्या दिवसांत डोंगराकडच्या रस्त्याला एक ट्रॉली रुतली आणि वडिलांना फोन आला. ते गेले. साखळी बांधली, गिअर टाकला, आणि जीप जागेवरून हलेना. इंजिन ओरडत होतं, चाकं गप्प. सीलमधून झिरपलेलं तेल क्लचवर गेलं होतं आणि क्लच घसरत होता. शेवटी लांबून एक ट्रॅक्टर आणला आणि त्यानं आधी ट्रॉली ओढली, मग जीप. जीप ओढत गावात आणली. रस्त्याला बसलेली पोरं काहीबाही बोलली असणार. वडिलांनी ते कधी सांगितलं नाही, मला ते आईकडून कळलं, तेही थोडंच.

मी पुढच्या सुट्टीला गेलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "शील तिरकं बसलं. हात तिरका गेला माजा."

मी म्हणालो, "आबा, सीलच खराब असंल."

"शिलाला काय झालंय? तू बघून आणल्यालं." आणि त्यांनी उजवा हात समोर धरून बोटं पसरली आणि बघत राहिले.

तेव्हा सांगता आलं असतं. घरात कुणी परकं नव्हतं, तात्या नव्हते. मी सांगलीला परत जायच्या बसमध्ये चढेपर्यंत रोज सांगता येईल असं वाटत होतं, आणि बसमध्ये चढल्यावर हायसं वाटलं.

त्यानंतर जे झालं ते मी लांबून बघत राहिलो. त्यांनी जीप बंद केली. कुणाचा फोन आला तर म्हणायचे, गाडी बंद हाय, दुसरं कोण बघा. मग हळूहळू फोन यायचे थांबले. आई मला कळवत राहायची. दाढी आता न्हाव्याकडं करतात. विहिरीवरचा पंप बिघडला तर स्वतः न उतरता माणूस बोलावला. कपात चहा ओतायची वेळ आली की किटली तिच्याकडं सरकवतात. एकदा ती म्हणाली, "सुईत दोरा ववत बसल्यात. मी म्हटलं, काय शिवायचंय? तर म्हणत्यात, काय न्हाई, बघतुया."

मी त्यांना कराडला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी हात दाबून बघितला, बोटं मिटायला लावली, कागदावर गोल काढायला लावला. हाताला काही नाही म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे. मला वाटलं होतं, एवढ्यानं होईल. डॉक्टरच सांगतायत म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेल आणि मला बोलावंच लागणार नाही. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "त्यो कशाला सांगंल? म्हाताऱ्या माणसाला कोण तोंडावर सांगतंय." मी त्यांच्या शेजारी चालत होतो. माझ्याजवळ त्यांचं औषध होतं आणि ते मी खिशात ठेवून चाललो होतो.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे आणि ती ह्या सगळ्याहून वाईट आहे. ते जीप चालवत नाहीत, ह्याचा मला दिलासा वाटत होता. सत्तरी उलटलेला माणूस पावसात डोंगराच्या रस्त्यावर जातो, ह्याची धास्ती मला आणि बायकोला कायम असायची. जीप थांबली तेव्हा बायको म्हणाली, "बरं झालं, आपण सांगून थांबले नसते." मी हो म्हणालो. मी तिलाही खरं सांगितलं नाही. वडील आपल्या हाताला कंटाळून घरी बसले होते आणि सांगलीत मला शांत झोप लागत होती.

मग एके दिवशी आईचा फोन आला, जीपला गिऱ्हाईक आलंय, रविवारी बघायला येणार हायत. मी गेलो.

गिऱ्हाईक म्हसवडकडचं होतं. पूर्वी मेंढरं राखणारं घर, आता थोडी शेतीही करत होतं. बाप आणि मुलगा आले होते. चारा आणि पाणी माळावर न्यायला त्यांना अशीच गाडी हवी होती. म्हातारे बाप जीपभोवती एक फेरी मारून, चाकावर हात ठेवून उभे राहिले. तात्याही आले होते. वडिलांनी बॉनेट उघडून सगळं सांगितलं. इंजिन कसं आहे, पुढचा गिअर कधी अडतो, थंडीत पहिल्या वेळी कसं चालू करायचं, तेल लागलेला क्लच आता मोकळ्या गाडीला धरतो पण ओझ्याला कसा घसरतो. एकही खोड झाकली नाही.

मग ते वाकले, इंजिनाच्या मागं जिथून तेल येत होतं ती जागा त्यांना दाखवली आणि म्हणाले, "हितं गळतंय. मागचं शील माज्या हातानं बिघडलंय. आता माजा हात ऱ्हायला न्हाई. तुमी चांगल्या माणसाकडनं बसवून घ्या."

परक्या माणसापुढं त्यांनी हे सांगितलं. तात्यांनी खाली बघितलं. ते म्हसवडचे म्हातारे म्हणाले, "आवं, व्हतंय वयापरमानं," आणि त्यांच्या आवाजात इतकी दया होती की मला अंगणात उभं राहवेना.

मी बोललो. कसा ते मला माहीत नाही. "आबा, हात तिरका गेला न्हवता. त्या शिलाला त्याल लावायचं न्हवतं. ते कोरडंच बसवायचं असतं. त्याल लावलं की गळतंय. दुकानदारानं मला दोनदा सांगितलं व्हतं."

म्हसवडच्या मुलानं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्या बापाकडं. तात्यांच्या लक्षात बहुतेक तो रविवार आला, कारण त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. वडील जीपवर हात टेकवून उभे होते. ते त्या गिऱ्हाइकाकडं वळले.

"ऐकलंसा न्हवं?" ते म्हणाले. "शील ह्याच जातीचं घ्या. पण कोरडं बसवा."

आणि व्यवहार पुढं चालू राहिला. मला वाटत होतं आता ते थांबतील, जीप विकायची नाही म्हणतील. माझं बोलून झालं म्हणजे सगळं जागच्या जागी येईल, अशी वेडी आशा मी बाळगून होतो. पण गाडी द्यायचा शब्द त्यांनी आधीच दिला होता आणि ते माघारी फिरणारे नव्हते. चहा झाला. म्हसवडचा मुलगा जीपमध्ये बसला. वडिलांनी त्याला, चढाला क्लच दाबून धरू नको, असं सांगितलं आणि ती अंगणातून बाहेर पडली. आईनं पत्र्याचा तुकडा उचलून गोठ्याच्या भिंतीला उभा केला.

तात्या निघताना माझ्यापाशी थांबले. "त्या दिशी मी मधी त्वांड घातलं नसतं तर..." असं काहीतरी पुटपुटले. मी म्हणालो, नाही तात्या, तुमचा काही संबंध नाही. तो खरोखरच नव्हता.

वडील ओसरीवर जाऊन बसले. मी पायरीवर बसलो. संध्याकाळच्या धारा काढायची वेळ झाली होती, आई गोठ्यात होती.

"तुला तवाच म्हाईत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मी इचारलं तवा?"

"व्हय, आबा. त्यालाची वाटीबी मीच दिली."

ते म्हणाले, "माणसं व्हती म्हणून बोलला न्हाईस. ते मला कळतंय. पर नंतर? मी हाताकडं बघत बसायचो, तवा तू हितंच बसायचास की."

ह्याचं उत्तर मला चांगलं देता आलं असतं. भीती वाटली म्हणता आलं असतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असंही म्हणता आलं असतं, आणि त्यांनी ते मानून घेतलं असतं. पण त्यांनी नुकतंच एका परक्या माणसाला जीपची एकेक खोड न झाकता सांगितलेली मी ऐकली होती.

"तुमी गाडी सोडलीसा ते मला सोयीचं वाटलं," मी म्हणालो. "तुमी हाताला दोष देत व्हतासा आणि मी तो देऊ दिला, कारण मला सांगलीत घोर ऱ्हायला नको व्हता. सील माज्यामुळं गळलं, गाडी माज्यामुळं गेली. तुमचा हात चांगला हाय, आबा, पयल्यापासनं चांगलाच हाय. मला माफ करा."